डॉक्टरबाई, गाडीला ब्रेक नव्हता का?

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास पुतण्याचा फोन आला. मला त्या दिवशी ड्युटी नव्हती, चहाचा दुसरा कप हातात होता. "काकू, लगेच ये. एका बाईंना गाडी लागलीये," तो म्हणाला. कोणाची गाडी, मी विचारले. पलीकडे क्षणभर शांतता. मग बारीक आवाजात उत्तर आले, "माझी."

पुतण्याकडे साधी स्कूटरही नाही. आहे ती हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी आणि नायट्रो इंधनावर पळणारी गाडी. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याने ती कोणाकडून तरी जुनी विकत घेतली आणि आम्ही सगळ्यांनी तिला खेळणे म्हणूनच घरात घेतले. मीसुद्धा. बोळिंजला म्हाडाच्या उंच इमारतींच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे रविवारी सकाळी तो आणि त्याचे दोन मित्र ती पळवत.

मी पोहोचले तेव्हा आगाशीच्या बाजूने भाजी घेऊन येणाऱ्या एक मावशी रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. पाटी उलटली होती, मेथीच्या जुड्या आणि वालाच्या शेंगा रस्त्यावर पसरल्या होत्या. उजवा पाय घोट्याच्या वर चार बोटांवर वाकला होता. कातडी फाटली नव्हती एवढेच काय ते बरे. मुलांपैकी एक जण पाय सरळ करायला निघाला होता, त्याला मी ओरडले. खोक्याचा पुठ्ठा दोन्ही बाजूंनी लावून ओढणीने बांधला, पायाच्या बोटांचा रंग आणि स्पर्श कळतो का ते पाहिले आणि त्यांना रुग्णालयात नेले. एक्स-रेत नडगीचे हाड खालच्या तिसऱ्या भागात मोडलेले दिसले. वेदनेने घामाघूम झालेल्या त्या बाईंनी स्ट्रेचरवरून मला एकच प्रश्न विचारला. "डॉक्टरबाई, एवढीशी ती गाडी, तिला ब्रेक नव्हता का?"

ब्रेक होता. चांगला, डिस्कचा ब्रेक होता. तो लागला का नाही, हे समजून घ्यायला मला पुढचे दोन रविवार पुतण्याशेजारी स्टूल टाकून बसावे लागले.

आधी 'एवढीशी' या शब्दाचे बघू. इंधनासकट ही गाडी साधारण साडेतीन किलोची. ताशी ६० किलोमीटर वेग ती सहज गाठते, काही गाड्या त्याच्याही पुढे जातात. शाळेतले सूत्र वापरले तर या वेगाला तिच्यात सुमारे ४९० ज्यूल ऊर्जा असते. १६० ग्रॅमचा सीझन बॉल वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटरने टाकला, तर त्यात १२० ज्यूल. म्हणजे चार चेंडूंचा मार एकाच वेळी, आणि तोही पॅड नसलेल्या पायावर. गाडीचा पुढचा बंपर जमिनीपासून वीतभरही उंच नसतो, त्यामुळे मार बसतो तो घोटा आणि नडगीच्या खालच्या भागावर. शरीरातली ही जागा मोडायला वाईट. हाडावर मांसाचे आवरण जवळजवळ नाही, रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे हाड सांधायला महिनोन्महिने लागतात. साठीच्या बाईची हाडे आधीच विरळ झालेली असतात, हा आणखी एक भाग.

आता ब्रेक. या गाड्यांत सर्वो नावाची एक छोटी मोटर असते. तिची दांडी एका बाजूला फिरली की कार्ब्युरेटर उघडतो, दुसऱ्या बाजूला फिरली की ब्रेक लागतो. वेग आणि ब्रेक दोन्हींचा मालक एकच. त्याला हुकूम देतो गाडीतला रिसीव्हर आणि रिसीव्हरला हुकूम येतो तुमच्या हातातल्या रिमोटकडून. इंजिन मात्र या साखळीत नाही. विजेवर चालणाऱ्या रिमोट गाडीची बॅटरी संपली की गाडी थांबते. नायट्रो गाडीच्या इंजिनाला विजेची गरज फक्त सुरू होताना, तीही क्षणभर. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते. ती एकदा तापली की इंधनातल्या मिथेनॉलशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे तापलेलीच राहते. टाकीत थेंब असेपर्यंत इंजिन चालते, बाकी सगळे मेले तरी. यातूनच गाडी सुटते. या छंदातली मुले त्याला 'रनअवे' म्हणतात.

माझी समजूत होती की सिग्नल गेला असेल. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये तसे होई. दोघांचे क्रिस्टल एकाच चॅनेलचे निघाले की एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी धावे. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट स्वतःच्या रिसीव्हरशी जोडी जमवतात आणि चॅनेल बदलत राहतात, त्यामुळे तो घोळ फारसा उरलेला नाही. सिग्नल खरोखर तुटलाच तर 'फेलसेफ' नावाची सोय रिसीव्हरमध्ये असते. हुकूम यायचे थांबले की सर्वोला ब्रेकच्या जागी ने, असे तिला आधी शिकवून ठेवायचे. पुतण्याने ते शिकवलेही होते. रिमोट बंद करून त्याने मला दाखवले, दांडी टक्कन ब्रेकवर गेली.

मग त्या सकाळी काय झाले? रिसीव्हरला वीज देणारे चार पेन्सिल सेल प्लॅस्टिकच्या उघड्या डबीत बसवलेले होते. खडबडीत जमिनीवर गाडी उडत होती, एका सेलचा संपर्क सुटला आणि रिसीव्हर, सर्वो दोन्ही एका झटक्यात मेले. मेलेला सर्वो परत जागेवर येत नाही. जिथे होता तिथेच थांबतो. त्या क्षणी कार्ब्युरेटर अर्ध्याहून जास्त उघडा होता, तो तसाच राहिला. फेलसेफ सिग्नल गेल्यावर काम करते, वीज गेल्यावर नाही, कारण तिला स्वतःलाच वीज लागते. आमच्या आयसीयूत व्हेंटिलेटरचा अलार्म ज्या विजेवर चालतो तीच गेली तर काय, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला जातो आणि म्हणून बेडशेजारी हाताने दाबायची अंबू बॅग टांगलेली असते. या गाडीची अंबू बॅग म्हणजे एक स्प्रिंग. कार्ब्युरेटरच्या दांडीला अडकवलेली, काही झाले तरी तिला बंद दिशेला ओढणारी. तिला ना सेल लागतो ना सिग्नल. पुतण्याच्या गाडीवर ती नव्हती. आधीच्या मालकाने काढून टाकली होती, सर्वोवर ताण येतो म्हणून.

इथे मी समाधान मानून उठणार होते, पण पुतण्याने (आता तोही बोलता झाला होता) आणखी एक गोष्ट कबूल केली. "काकू, स्प्रिंग असती तरी गाडी पूर्ण थांबली नसती. माझं आयडलिंगच जास्त होतं." म्हणजे कार्ब्युरेटर 'बंद' असतानाही इंजिन इतके जोरात फिरत होते की क्लच पकडायचा आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने पुढे सरकत राहायची. त्याला ते माहीत होते. थांबलेली गाडी तो ब्रेक धरून ठेवायचा. ट्यूनिंग म्हणजे फक्त वेगासाठीची हौस, असे मला वाटत होते. ते सुरक्षेचेही काम आहे.

या इंजिनाला तीन स्क्रू असतात. मोठी सुई पूर्ण वेगाला किती इंधन जायचे ते ठरवते, छोटी सुई कमी वेगाचे, आणि तिसरा स्क्रू कार्ब्युरेटर बंद स्थितीत किती उघडा राहील ते. सुई घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की इंधन कमी, मिश्रण 'लीन'. उलट फिरवली की इंधन जास्त, मिश्रण 'रिच'. लीन केल्यावर गाडी खूश होऊन पळते, तरुण मुलांना इथेच मोह होतो. पण या इंधनात वंगणाचे तेलही मिसळलेले असते. इंधन कमी म्हणजे तेल कमी आणि थंडावाही कमी. इंजिन तापते, थ्रॉटल सोडले तरी आवाज लगेच खाली येत नाही, लटकून राहतो. हा लटकलेला आवाज म्हणजे धोक्याची पहिली घंटा. टाकी संपत आली की आवाज आपोआप चढतो तोही याच कारणाने, म्हणून शेवटच्या घोटापर्यंत गाडी पळवू नये. सुया बरोबर असूनही आवाज लटकत असेल तर कुठून तरी फुकटची हवा आत शिरते आहे असे समजावे. कार्ब्युरेटरच्या तळाची रबरी रिंग, मागच्या झाकणाची पॅकिंग आणि टाकीच्या झाकणाचे रबर बघावे.

पुतण्याने काय केले होते? छोटी सुई रिच राहिली होती, त्यामुळे उभ्या गाडीचे इंजिन गुदमरून बंद पडायचे. ते बंद पडू नये म्हणून त्याने सुई दुरुस्त करण्याऐवजी आयडलचा स्क्रू वाढवला. एका औषधाचा दुष्परिणाम झाकायला दुसरे औषध लिहून देणारे डॉक्टर मी पाहिलेत, मीही कधी ते केलेले आहे, त्यामुळे त्याला फार बोलता आले नाही.

योग्य क्रम असा. इंजिन आधी नीट तापू द्यायचे, थंड इंजिनावर सुईला हात लावायचा नाही. पहिली मोठी सुई. गाडी पूर्ण वेगाने समोरून गेली की मागे निळसर धुराची रेघ दिसली पाहिजे. धूर दिसत नसेल तर ताबडतोब रिच करा. मग छोटी सुई. इंजिन आयडलला असताना कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत धरा. दोन-तीन सेकंद चालून, आवाज किंचित चढून इंजिन बंद पडले तर ठीक. लगेच बंद पडले तर लीन, पाच-सहा सेकंद चालत राहिले तर रिच. आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि कार्ब्युरेटरची फट तेव्हा मिलिमीटरभरापेक्षा जास्त नको. प्रत्येक वेळी सुई फिरवायची ती एक-अष्टमांश फेरा, म्हणजे घड्याळावर साडेसात मिनिटांएवढी. मग एक फेरी मारून बघायचे. इंजिनाच्या डोक्याचे तापमान साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअस असावे. थर्मामीटर नसेल तर डोक्यावर पाण्याचा थेंब टाका. तीन-चार सेकंद चरचरून उडाला तर बरे, पडताक्षणी नाहीसा झाला तर इंजिन भाजते आहे.

एकदा जमलेली सेटिंग कायमची नसते. आपल्याकडे मे महिन्यात हवा गरम आणि दमट, म्हणजे विरळ, प्राणवायू कमी. तेव्हा जमवलेली सुई जानेवारीच्या थंड सकाळी आपोआप लीन ठरते, कारण हवा दाट झालेली असते आणि तिला जास्त इंधन लागते. दमटपणाचा दुसरा त्रास इंधनाला. मिथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. झाकण सैल राहिलेला डबा विरारच्या पावसाळ्यात महिनाभर ठेवला की इंजिन कशानेच ट्यून होत नाही आणि मुले सुया फिरवत बसतात.

अर्नाळ्याला ओहोटीच्या वेळी ओली घट्ट वाळू मिळते, म्हणून काही जण गाड्या तिथे नेतात. माझे मत विचाराल तर नेऊ नका. रविवारी तिथे लहान मुले असतात हे एक. दुसरे, वाळूचा एखादा कण थ्रॉटलच्या दांडीत अडकला की कार्ब्युरेटर उघडाच राहतो, आणि मग स्प्रिंगही काही करू शकत नाही. हवेच्या फिल्टरला तेल लावलेले नसेल तर तीच वाळू पिस्टनही खाते.

गाडी सुरू करण्याआधीची तपासणी दोन मिनिटांत होते. आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. सेल पूर्ण चार्ज केलेले हवेत आणि ते उघड्या डबीत नकोत, एकत्र जोडलेला पॅक घ्यावा. इंजिन बंद ठेवून, चाके जमिनीवरून उचलून थ्रॉटल अर्धा उघडावा आणि रिमोट बंद करावा. दांडी ब्रेकवर जायला हवी. मग थ्रॉटल पुन्हा उघडून गाडीचा सेलपॅक काढावा. दांडी स्प्रिंगने बंद व्हायला हवी. ही दुसरी चाचणी फारसे कोणी करत नाही, आणि मावशींचा पाय वाचला असता तो तिनेच. फेलसेफचे काही प्रकार सेलचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की मरण्याआधीच ब्रेक लावतात. ते चांगले, पण निसटलेल्या सेलपुढे तेही हतबल.

तरीही सुटलीच, तर पळत्या गाडीपुढे पाय घालू नये. ती कशाला तरी अडून उलटी पडली असेल आणि इंजिन ओरडत असेल, तर चाकांपासून हात दूर ठेवून इंधनाची नळी चिमटीत धरावी किंवा सायलेन्सरच्या तोंडावर जाड सुती कापडाची गुंडाळी दाबावी. उघड्या हाताने कधीही नाही. त्या सकाळी पुतण्याच्या मित्राने तेच केले आणि तळहातावर रुपयाएवढा फोड घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला. अशा भाजण्यावर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी, बाकी टूथपेस्ट, हळद काही नाही.

या सगळ्यापेक्षा मला जास्त धास्ती वाटली ती त्याच संध्याकाळी. पुतण्या गॅलरीत गाडी पुसत होता आणि शेजारी कोल्ड्रिंकच्या बाटलीत गुलाबी सरबतासारखे काहीतरी होते. डबा जड म्हणून त्याने त्यातले थोडे ओतून घेतले होते. आमच्या शेजारची तीन वर्षांची मुलगी रोज त्या गॅलरीत खेळायला येते.

नायट्रो इंधनात साधारण १० ते ३० टक्के नायट्रोमिथेन असते, काही भाग तेल आणि उरलेले बहुतेक मिथेनॉल. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ते हेच मिथेनॉल. शरीरात गेल्यावर यकृत त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते. हे आम्ल पेशींचा श्वास बंद पाडते, आणि पहिला बळी जातो डोळ्यांच्या मज्जातंतूंचा. फसवे असते ते मधले अंतर. सुरुवातीला थोडी गुंगी, मग बारा ते चोवीस तास रुग्ण ठीक वाटतो, आणि त्यानंतर उलट्या, धाप, डोळ्यांपुढे पांढरे धुके. मोठ्या माणसाची दृष्टी जायला शुद्ध मिथेनॉल दहा मिलिलिटरच्या आसपासही पुरते. लहान मुलाच्या बाबतीत एक घोट गेला असा नुसता संशय आला तरी थांबू नये. उलटी करवू नये, १०८ ला फोन करावा आणि इंधनाचा मूळ डबा सोबत न्यावा. वेळेत आलेल्या रुग्णाला मिथेनॉलचे आम्ल होऊ न देणारे औषध आणि गरज पडली तर डायलिसिस देता येते, आणि दृष्टी वाचते.

डबा सोबत न्या असे म्हणण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते अनेक डॉक्टरांनाही ठाऊक नसते. मूत्रपिंडाची तपासणी म्हणून आपण रक्तातले क्रिएटिनिन मोजतो. ते मोजायची स्वस्त आणि सर्वत्र वापरली जाणारी पद्धत माक्स याफे यांनी १८८६ मध्ये शोधलेल्या रंगबदलावर आधारलेली आहे. नायट्रोमिथेन नेमका तोच रंग देते. त्यामुळे मूत्रपिंडे ठणठणीत असूनही रिपोर्टवर क्रिएटिनिन भयानक वाढलेले दिसते आणि सगळ्यांचे लक्ष चुकीच्या अवयवाकडे जाते. इंधनात नायट्रोमिथेन होते हे कळले, तर प्रयोगशाळेला एन्झाइमच्या पद्धतीने पुन्हा मोजायला सांगता येते.

बाटली मी तेव्हाच रिकामी करायला लावली. इंधन आता मूळ डब्यात, कुलूपबंद कपाटात असते, आणि टाकी भरली जाते ती इंजिन बंद करून, थंड झाल्यावर. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. कापड पेटलेले कळते ते हात भाजल्यावर. मिथेनॉल पाण्यात मिसळते, त्यामुळे अशा छोट्या आगीवर भरपूर पाणी चालते. बंद गॅरेजमध्ये किंवा जिन्याखाली इंजिन चालवून बघणे हेही बंद. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि तो वासाने कळत नाही.

मावशींच्या हाडात आमच्या अस्थिरोग विभागातल्या सहकाऱ्यांनी सळई बसवली. चार महिने त्यांचे बसणे बंद होते. त्या काळातली त्यांची बुडालेली रोजची कमाई आम्ही भरली, त्यावर घरात वाद झाला नाही. मेच्या मध्यावर त्या पुन्हा रस्त्याच्या कडेला बसू लागल्या, उजवा पाय पाटावर लांब करून. पुतण्या त्यांना भेटायला गेला तेव्हा मीही सोबत होते. त्यांनी गाडी बघायची आहे असे आधीच सांगून ठेवले होते.

त्याने दोन विटांवर गाडी ठेवली. इंजिन सुरू न करताच थ्रॉटल उघडला आणि रिमोट बंद केला. टक्. मग थ्रॉटल पुन्हा उघडून सेलपॅकची वायर ओढली, स्प्रिंगने दांडी मागे घेतली. मावशी वाकून बघत होत्या.

"ही स्प्रिंग केवढ्याची?"

"वीस रुपयांची," तो म्हणाला.

त्यांनी पुढे काही विचारले नाही. माठाच्या जुड्यांवर पाणी शिंपडायला लागल्या.